श्रीरामपूरच्या झहीरचं ते पहिलं षटक

23 मार्च 2003, जोहान्सबर्ग. विश्वचषकाची अंतिम लढत, समोर ऑस्ट्रेलिया आणि नवा चेंडू आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या हातात. पहिल्याच षटकात नो बॉल, वाईड आणि 15 धावा. दिवसअखेर आकडे होते 7 षटकं, 67 धावा, बळी शून्य. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

आज एखाद्या तरुण गोलंदाजाचं असं षटक पडलं की फोनवर निकाल लागायला मिनिटही लागत नाही. कुणी पोराला घरी पाठवतं, कुणी आठवडाभरापूर्वी त्यालाच 'नवा झहीर' म्हणालेलं असतं. हे वाद ज्या समजुतींवर चालतात, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या या गोलंदाजाच्या कारकिर्दीवर घासून पाहाव्यात.

गैरसमज : मोठ्या सामन्यात कच खाल्ली, म्हणजे पोरात दम नाही.
वस्तुस्थिती : त्याच स्पर्धेत झहीरने 18 बळी घेतले होते, भारताकडून सर्वाधिक. आणि 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर पुन्हा अंतिम सामना, पुन्हा नवा चेंडू त्याच्याच हातात. पहिला स्पेल 5 षटकांचा : 3 निर्धाव, 6 धावा, 1 बळी. शेवटच्या षटकांत त्याला मारही पडला, पण श्रीलंकेला सुरुवातीला जखडून ठेवलं ते त्या पाच षटकांनी. त्या विश्वचषकात त्याचे 21 बळी होते.

गैरसमज : संघातून काढलं, म्हणजे संपला.
वस्तुस्थिती : 2006 मध्ये संघाबाहेर असताना झहीर इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला. त्या मोसमात काउंटी चॅम्पियनशिपमध्ये 78 बळी! माझ्या मते तो खरा घडला तो तिथे, रोजच्या रोज षटकं टाकून. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने 9 बळी घेतले आणि भारताने मालिका जिंकली. पदार्पणानंतरचं ते सातवं वर्ष होतं.

गैरसमज : ताशी 145 किलोमीटर टाकतो, मग आणखी काय हवं?
वस्तुस्थिती : पडद्यावर दिसतो तो चेंडू हातातून सुटतानाचा वेग. टप्पा पडून बॅटपर्यंत येईतो तो बराच उतरतो. झहीरने तर पुढे धाव आखूड केली, वेग कमी केला, आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवून बळी काढले.

दुखापतीवरून तरुण वेगवान गोलंदाजाला 'नाजूक' म्हणणं तर सरळसरळ अन्याय आहे. विशीच्या आसपास पाठीच्या कण्याची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात आणि चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून या वयात कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका मोठा असतो.

जोहान्सबर्गच्या त्या षटकावर कायमचा निकाल लावला असता, तर 92 कसोटींत 311 बळींपर्यंत तो पोहोचलाच नसता. तेव्हा एखाद्या पोराबद्दल 'याला काढा' लिहिण्याआधी त्याने आजवर टाकलेली षटकं तरी मोजा.