रोज्याच्या दिवशी दोघांनी फिरायला

फिरायला जायचे म्हणजे भेळ, चहा, आइस्क्रीम, असे समीकरणच झाले आहे. त्यामुळे रमजानमध्ये जोडप्यांचे फिरणे बंद पडते. शनिवारचा उपवास धरून शनिशिंगणापूरला येणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक असेल. पण या महिन्यात घरच्या बाईचा दिवस सहरीपासून इफ्तारपर्यंत स्वयंपाकातच जातो. ज्यात खाण्याचा विषयच नाही, अशा दोन तासांची खरी गरज तिलाच असते.

हदीसमध्ये प्रेषित मुहंमद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांच्या शर्यतीची नोंद आहे. प्रवासात दोघे धावले, तेव्हा आयेशा जिंकल्या. पुढे पुन्हा धावले, तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागची फिट्टंफाट झाल्याचे त्यांनी हसत सांगितले.

शिंगणापूरहून नगर सुमारे ३५ किलोमीटर. तिथे १५८३ मध्ये पूर्ण झालेला निजामशाही फराहबाग आहे. शाह डोंगरावरचा 'चांदबीबीचा महाल' प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर. ही तीन मजली अष्टकोनी इमारत पाहताना 'मग नाव चांदबीबीचे का?' यावर दोघांना मनसोक्त वाद घालता येईल. तिकडे सकाळीच जावे. असरनंतर निघायचे, तर नेवासे जवळ. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, त्या पैस खांबाचे दर्शन आणि प्रवरेचा काठ.

मोबाइल खिशात ठेवावा. इफ्तारपूर्वी परतावे आणि त्या दिवशी फळे त्याने चिरावीत.