प्रेमाने मन बरं होतं का?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. प्रेमकथेतली नायिका मनाने खचलेली असेल, तर तिला बरं कोण करतं? आपलं पटकन येणारं उत्तर असतं, नायक. हेच उत्तर आपण घरातही देतो. "लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल," हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? त्यापायी दोन-दोन आयुष्यं अडकतात. म्हणून हा विषय नुसत्या करमणुकीचा नाही.

आता लेखकाची अडचण बघा. इंग्रजीत 'रोमान्स' म्हणून जी कादंबरी लिहिली जाते तिच्या दोन अटी असतात. प्रेम मध्यवर्ती हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. मनाचा आजार मात्र शेवटच्या पानावर संपत नाही. मग करायचं काय?

अमेरिकन लेखिका हेलन होआंग यांचं उदाहरण घेऊ. आपण स्वमग्न आहोत हे त्यांना स्वतःला कळलं ते थेट प्रौढ वयात. २०१८ साली 'द किस कोशंट' आली, तिची नायिका स्वमग्न आहे. २०२१ च्या 'द हार्ट प्रिन्सिपल'मध्ये अ‍ॅना ही व्हायोलिनवादक आहे. एका व्हिडिओमुळे ती एकदम प्रसिद्ध होते, आणि मग तिला वाजवताच येईना. तीच ती रचना पुन्हा पुन्हा सुरू करायची, चुकली की परत पहिल्यापासून. उपचार घेताना कळतं की तीही स्वमग्न आहे. आयुष्यभर ती सगळ्यांना आवडेल असा मुखवटा घालून वावरली. स्वमग्न बायकांचं निदान उशिरा होण्याचं हे एक मोठं कारण आहे: मुखवटा इतका बेमालूम बसतो की आतला थकवा कुणाला दिसत नाही. पुढे वडिलांना पक्षाघात होतो, घरी शुश्रूषा सुरू होते आणि अ‍ॅना कोलमडते.

इथे क्वान, तिचा प्रियकर, काय करतो? तो तिला बरं करत नाही. मुखवटा काढून बसता येईल अशी जागा तो देतो. सावरायला वेळ लागतो आणि कादंबरी तो वेळ देते.

आयर्लंडच्या सॅली रूनी यांच्या 'नॉर्मल पीपल'मध्ये (२०१८) मित्राच्या आत्महत्येनंतर कॉनेल नैराश्यात जातो. त्याचं मॅरिअ‍ॅनवर प्रेम आहेच, तरी त्याला विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जावं लागतं. प्रेम आहे म्हणून उपचार टळत नाहीत.

म्हणजे आनंदी शेवटाचा अर्थच बदलला. पूर्वी तो 'ती बरी झाली' असा होता, आता 'ती एकटी राहिली नाही' असा आहे.

तेव्हा पुढची प्रेमकथा वाचताना आपण एवढंच तपासू: यातला जोडीदार डॉक्टरची जागा घेतोय, की डॉक्टरकडे जाताना सोबत चालतोय? आणि हाच प्रश्न लग्नाची बोलणी करतानाही विचारू या.