चैत्रातला वाफा आणि पाण्याचे पिंप

वर्षप्रतिपदेस गुढीला ज्याची डहाळी बांधावी आणि ज्याचा कोवळा पाला गूळ-ओव्यासह खावा, तो कडुनिंब फाल्गुनात जुनी पाने झाडून नव्या पालवीने सणाला सिद्ध होतो. अहिल्यानगरजवळच्या नागापुरात औद्योगिक वसाहत आली, अंगणे आखूड झाली. तरी परसात चार वेल चढवावयाचे तर हेच दिवस. गवार, भेंडी, दोडका, कारले यांचे बी आता मातीत पडावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावल्यास लवकर रुजते.

मात्र भाजी आली की पाण्याचा साठा आला. पिंप, रांजण भरून ठेवल्याखेरीज या अवर्षणी मुलखात उन्हाळा निभत नाही, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. गटारातला डास निराळा. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत ज्याच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला, तो तिसरा. डेंग्यूच्या डासाच्या अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. सायंकाळी कडुनिंबाची धुरी करून निश्चिंत होणाऱ्या गृहस्थांनी हे ध्यानी घ्यावे. धुरीचा वास आम्हांसही प्रिय आहे. पण पिंपातल्या अळीला तिचा उपसर्ग होत नाही.

अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयाचा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. तेव्हा भांडे काथ्याने खसखसून घासावे.

टंचाईत पाणी ओतून कसे द्यावे, असे गृहिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. ते गवारीच्या मुळाशी घालावे. अळ्या मातीत मरतात, पाणी वाया जात नाही. झडलेला कडुनिंबाचा पाचोळा न जाळता वाफ्यावर पसरला, तर ओल टिकते आणि साठाही कमी लागतो. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. कुंडीखालची बशी, कूलरची टाकी, छपरावरचा टायर यांची झडती सणाच्या झाडलोटीतच घ्यावी. डेंग्यूवर रामबाण औषध नाही, आणि ताप उतरल्यावरही रोग्याची प्रकृती एकाएकी ढासळू शकते.

निंबोळ्या मात्र पुढे ज्येष्ठाच्या सुमारास पिकतील. त्या वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या. भेंडीवर मावा पडला की त्यांचा अर्क फवारता येतो.