खाऱ्या हवेतील काँक्रीट : सळई गंजू नये म्हणून काय करावे?

कोकणात समुद्राजवळ किंवा खाडीकाठी बांधलेले गोठे, पाण्याच्या टाक्या आणि कुंपणाचे खांब नीट पाहा. काही वर्षांतच सळईच्या रेषेत तडे जातात, तांबूस डाग पडतात आणि पोपडे सुटू लागतात. अशा वेळी आपण सिमेंटला दोष देतो. परंतु बहुधा खरे कारण वेगळे असते : मीठ सळईपर्यंत पोचलेले असते.

काँक्रीट अल्कधर्मी असल्याने सळईवर अतिशय पातळ असा संरक्षक थर तयार होतो व ती गंजत नाही. मात्र काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात. ओलाव्याबरोबर मिठातील क्लोराइड त्यांतून आत शिरते व हा थर मोडते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते.

नवीन बांधकाम करताना पुढील काळजी घ्यावी.

१) खाडीची रेती न धुता वापरू नये. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचे पाणीही टाळावे. अन्यथा पहिल्याच दिवशी आपण मीठ आत घालतो.

२) गवंडी काम सोपे व्हावे म्हणून वरून पाणी ओततात. हे जादा पाणी सुकले की मागे छिद्रे राहतात. किनाऱ्यावरील उघड्या कामासाठी भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये एम-३० प्रत आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगितले आहे. म्हणजे ५० किलोच्या गोणीस साडेबावीस लिटर पाणी. ओल्या रेतीतील पाणीही यातच धरावे.

३) त्याच मानकानुसार सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. सळईखाली दगडाचे तुकडे न ठेवता त्या मापाचे सिमेंटचे ठोकळे ठेवावेत.

४) पोझोलाना किंवा स्लॅग सिमेंट खाऱ्या हवेत उपयुक्त ठरते. ते वापरल्यास किमान दहा दिवस गोणपाट अंथरून गोड्या पाण्याने काम सतत ओले ठेवावे.

जुन्या कामातील तड्यांवर नुसता गिलावा करू नये. आत गंज चालूच राहतो. सुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून, अभियंत्याच्या सल्ल्यानेच दुरुस्ती करावी. गोठ्याच्या स्लॅबचे पोपडे पडू लागले असतील, तर आधी जनावरे दुसरीकडे बांधावीत.