एक्स-रे ‘नॉर्मल’, तरी गुडघा सटकतो?

कबड्डीत चढाई करून परतताना पाय जमिनीत रुततो, अंग वळते आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. दोन-तीन तासांत गुडघा सुजतो. एक्स-रेत हाड मोडलेले दिसत नाही, म्हणून ‘मुका मार आहे’ म्हणत घरचे निश्चिंत होतात. महिनाभरात सूज ओसरते. पण वळताना गुडघा अचानक सटकतो.

दोष एक्स-रेचा नाही. त्यात हाडे दिसतात, ती एकमेकांना बांधून ठेवणारी लिगामेंट दिसत नाहीत. तरीही एक्स-रे हवाच. फ्रॅक्चर आहे का, हे आधी कळायला हवे. क्वचित नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूस, हाडाचा बारीक टवका उडालेला दिसतो. फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले. एवढासा टवका, पण तो दिसला की गुडघ्याच्या मधोमध असणारे ‘एसीएल’ हे लिगामेंट बहुधा तुटलेले असते.

त्यानंतरची तपासणी मशिनची नव्हे, हाताची. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून डॉक्टर एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. दुसऱ्या पायापेक्षा ती जास्त सरकली, तर एसीएलचा संशय बळावतो. ताज्या दुखापतीत वेदनेने स्नायू आखडलेले असतात. अशा वेळी काही दिवसांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे.

मग एमआरआय. यात क्ष-किरण नसतात, शक्तिशाली चुंबक असतो. म्हणून शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगावे. साबूत एसीएल काळसर पट्ट्यासारखे दिसते. तुटले असेल, तर पट्टा मध्येच खंडित होतो आणि तिथे पांढरट सूज दिसते. हाडे एकमेकांवर आपटल्याच्या, एक्स-रेत न उमटणाऱ्या खुणाही सापडतात. गुडघ्यातली गादी फाटली आहे का, हेही समजते आणि उपचार ठरवताना ते फार महत्त्वाचे असते.

मात्र अर्धवट फाटलेले लिगामेंट एमआरआयलाही चकवू शकते. उलट, पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी फाटलेली दिसू शकते. नुसता रिपोर्ट वाचून ऑपरेशनची तारीख घेऊ नये, ती यासाठी.

मार लागल्यावर काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता मोठी. अशा वेळी एक्स-रे स्वच्छ असला तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर मैदानात उतरू नये. सैल गुडघा पुन्हा सटकला, तर पहिल्या खेपेला वाचलेली गादीही फाटू शकते.