चिरडण्यापूर्वी एक फोटो!

कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरं, कापसासारखं काही दिसलं की आपण काय करतो? साबणाचं पाणी, नाहीतर औषधाचा फवारा! पिठ्या ढेकणांवर दया कसली दाखवायची? पण मैत्रिणींनो, त्या पांढऱ्या गर्दीत कधीकधी क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते. तिच्याही अंगावर तसंच मेण, तशाच झिरमिळ्या. आणि खाते काय, तर पिठ्या ढेकूणच! द्राक्षबागायतदार हे भुंगेरे मुद्दाम आणून बागेत सोडतात, आणि आपण त्यांना शत्रूबरोबर धुऊन टाकतो. का, तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही म्हणून.

तो दिसायला घरातला मोबाइल आणि एक इवलंसं भिंग पुरे. जत्रेत मिळणारी, बंद पडलेली लेझरची बॅटरी मुलांच्या खेळण्यांत सापडेलच. आधी सेल काढा, मग पुढचं टोपण फिरवून उघडा. आत मसुराएवढं भिंग मिळेल. ते केसांच्या पिनेत चिमटून धरा आणि पीन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीनं बसवा. भिंग अगदी मधोमध यायला हवं. मोबाइलला दोन-तीन डोळे असतील तर एकेकावर बोट ठेवून चालू डोळा कोणता ते पाहावं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मिळालं तर आणखीच सोपं.

आता मोबाइल किड्याच्या बोटभर अंतरावर न्या. स्पष्ट दिसेपर्यंत तो अगदी हळू पुढे-मागे करायचा. हात हलतो? उपड्या वाटीवर मनगट टेकवा. पान तोडू नका. फांदीला काडीचा टेकू द्या, कपड्याचा चिमटा लावा. आणि घरात असाल तर पंखा बंद, बरं का! जालन्याचं ऊन लवकर तापतं, म्हणून सकाळची वेळ गाठावी. गारव्यात किडेही सुस्त असतात. उन्हाच्या बाजूनं बटर पेपर धरला आणि समोर स्टीलचं ताट ठेवलं की उजेड मऊ पडतो. वीस फोटोंतले दोन साधले तरी पुष्कळ. काहीजण किडा फ्रिजमध्ये ठेवून गार करतात, ते मला मुळीच पटत नाही.

सरावाला कढीपत्ता उत्तम. त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं तर नीट पाहा, लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असेल. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं काढते, वासही सोडते! मोसंबीच्या रोपांना ही नकोशी, पण घरच्या कढीपत्त्याची चार पानं तिला द्यायला काय हरकत आहे?

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टची मारिया सिबिला मेरियन 1660 साली, तेराव्या वर्षी, रेशमाच्या अळ्या पाळून त्यांची चित्रं काढू लागली. 1679 च्या तिच्या पुस्तकात अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचं खाद्य असलेली वनस्पती एकाच चित्रात आहेत. पुढे 1699 मध्ये बावन्नाव्या वर्षी, लेकीला घेऊन ती किडे पाहायला थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली!

रेशमाच्या अळ्या आपल्याला काही परक्या नाहीत. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली. ज्यांच्या घरी रेशीम आहे त्यांना उझी माशीची धास्ती ठाऊक असेल. ती अळीच्या अंगावर अंडं घालते. त्यातून निघालेला किडा आत शिरतो आणि तिथे काळा डाग उरतो. भिंगातून तो वेळीच दिसला तर ती अळी बाजूला काढता येते. इथे औषध फवारायची सोय नाही. शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्यानं तुतीवर आला, तरी त्या पाल्यानं अळ्या मरतात.

फोटोवरून ओळख पटली नाही तर तो खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. एक फोटो वरून, एक बाजूनं, आणि मेरियनबाईंसारखा एक झाडासकट. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका. नाहीतर मोबाइलवर मुंगीसुद्धा हत्तीएवढी दिसते.