आपत्तीतील लूट : एक नैतिक प्रश्न

'लूट' हा शब्द आपण मराठी माणसे किती सैलपणे वापरतो! दसऱ्याला आपण सोने लुटतो, संक्रांतीला बायका वाण लुटतात, बोरन्हाणात पोरेबाळे बोरे लुटतात, आणि एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याने दोन रुपये जास्त घेतले तर 'लुटले मेल्याने' म्हणून मोकळे होतो. परंतु भूकंप, महापूर किंवा दुष्काळ यांच्या बातमीत हाच शब्द आला की अंगावर काटा उभा राहतो. घर पडले, माणसे गेली, आणि त्यावर पुन्हा कोणी हात मारला! याहून नीच कृत्य ते कोणते?

आमच्या वर्गात यंदा याच विषयावर वाद झाला. एका पक्षाने 'चोरी ती चोरीच' असे ठणकावून सांगितले. दुसऱ्याने 'भुकेला कायदा नसतो' असे म्हटले. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला मात्र वाटत राहिले की हे दोघे एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. म्हणून थोडे वाचले, थोडे विचारले, त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ आपल्याच मुलखातून करू. आमच्या बावड्याहून अकलूजमार्गे पंढरपूर गाठले की पुढे मंगळवेढे आहे. बहामनी राजवटीत तेथे दामाजीपंत सरकारी अधिकारी होते. इ. स. १४६०च्या सुमारास पाऊस पडला नाही आणि जो दुष्काळ झाला तो आजही दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो. पंतांनी सरकारी कोठारे उघडली आणि उपाशी लोकांना धान्य वाटून टाकले. धान्य त्यांचे नव्हते. ते राखणदार होते, मालक नव्हे. तेव्हा कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ही सरकारी मालाची अफरातफरच झाली. बेदरच्या सुलतानाने त्यांना पकडून आणण्यास माणसे पाठविली, आणि मग विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन रक्कम भरून आला, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत.

या कथेतील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. विठोबाने सुलतानाच्या मनात दया उत्पन्न केली आणि प्रकरण मिटले, असे कथा सांगत नाही. देवाने धान्याची किंमत मोजली आणि वर पावती घेतली! कोठार उघडणे पुण्याचे होते याबद्दल भाविकांच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी घेतलेल्याचा हिशेब कोठेतरी चुकता झालाच पाहिजे, हेही त्यांना तितकेच पटलेले होते. भूक आणि मालकी या दोघींचा मान राखणारी अशी कथा रचणाऱ्या लोकांना अडाणी कोण म्हणेल?

आपल्या जुन्या ग्रंथांत यासाठी 'आपद्धर्म' असा स्वतंत्र शब्दच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणाची गोष्ट आहे. भुकेने व्याकुळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ जागा होतो, आणि मग चोर व मालक यांच्यात धर्माविषयी लांबलचक वाद होतो. गंमत अशी की त्या वादात धर्माची बाजू मांडतो तो चांडाळ, आणि पोटाची बाजू मांडतो तो ऋषी.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर याचा नियमच दिला आहे. ज्या मनुस्मृतीचे दहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, त्या ग्रंथाचा आधार घेणे मला रुचत नाही. पण या दोन श्लोकांतील विचार तपासण्याजोगा आहे. सहा वेळचे जेवण ज्याला मिळाले नाही त्याने सातव्या वेळी दुसऱ्याचे अन्न न विचारता घेतले तरी चालेल. मात्र ते त्या दिवसापुरतेच, उद्यासाठी साठवून ठेवण्याकरिता नव्हे. खळ्यातून घ्या, शेतातून घ्या, घरातून घ्या. पण धन्याने विचारले तर खरे सांगितले पाहिजे. त्याबरोबर 'हीन कर्मे करणाऱ्याकडून घ्यावे' अशीही एक अट आहे, ती मी मानीत नाही. घेणारा स्वतःच न्यायाधीश होऊन कोण हीन ते ठरवू लागला की ज्याची झोपडी गावाबाहेर त्याच्याच झोपडीत प्रथम शिरतो. विश्वामित्राने दुसरे काय केले?

ती अट वगळली तर उरते ते एवढे : अन्नच घ्यावे, आजच्यापुरते घ्यावे, आणि विचारल्यास लपवू नये. या तिहींतले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चोराला अंधार लागतो. ज्याला आपले कृत्य मालकाच्या तोंडावर सांगता येते त्याचे कृत्य कदाचित गुन्हा असेल, पण त्याला सरसकट चोरी म्हणणे अवघड जाते.

आपल्या बारामती-इंदापूर भागाने अशा उघड कृत्याचा एक मोठा नमुना पाहिला आहे. रयतवारी पद्धतीची पाहणी इंदापूर तालुक्यात १८३५-३६च्या सुमारास झाली. तीस वर्षांनी आकार पुन्हा ठरला तेव्हा तो बराच वाढविण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, आणि शेतकरी सावकाराच्या वहीत पुरता अडकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. तेथे दुकाने आणि घरे लुटली गेली, हे लपविण्यात अर्थ नाही. पण दंगा गावोगाव पसरला तसे त्याचे रूप स्पष्ट होत गेले. जमावाला हवे होते ते कर्जरोखे. रोखे हाती आले की त्यांची होळी होई, आणि सावकाराने ते निमूटपणे दिले तर बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावीत नसे. सरकारी चौकशी आयोगानेही हे नमूद केले आहे. पुणे व नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

हा काही निसर्गाचा कोप नव्हता, हे खरे. पण पुढच्याच वर्षी, १८७६ साली, पाऊस गेला आणि १८७८पर्यंत चाललेला तो भीषण दुष्काळ या भागावर कोसळला. ती दुर्दशा डोळ्यांनी पाहिलेले वासुदेव बळवंत फडके सरकारी नोकरी सोडून बंडाकडे वळले, आणि १८७९च्या प्रारंभी त्यांनी सावकारांवर दरोडे घातले. त्यांना पैसा हवा होता तो फौज उभारण्यासाठी. साथीदारांपैकी अनेकांचे लक्ष मात्र वाटणीवर होते, याची खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. एकाच दरोड्यात, एकाच रात्री, दोन वेगवेगळे हेतू खांद्याला खांदा लावून चालत होते! बाहेरून पाहणाऱ्याने त्यांना कसे ओळखावे?

आता दुसरी बाजू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील माणसे उशिरा झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. देशभरातून मदत धावली. त्याचबरोबर बघ्यांची झुंबडही उडाली, आणि त्या गर्दीत ढिगाऱ्यातील चीजवस्तू उचलणारे हात होते, प्रेतांच्या अंगावरचे दागिने ओरबाडणारे हात होते, अशा बातम्या त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत येऊन गेल्या. दागिन्याने कोणाची भूक भागत नाही. आणि मेलेला मनुष्य 'का घेतलेस' म्हणून विचारूही शकत नाही. म्हणूनच असेल, कायद्याने मृताच्या मालाच्या अपहाराचा गुन्हा निराळा सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेत तो ४०४ कलमात होता, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३१५ कलमात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि अपहार करणारा मृताचाच नोकर असेल तर सात वर्षांपर्यंत.

भुकेने केलेल्या चोरीविषयी मात्र कायदा मौन पाळतो. मोठे नुकसान टाळण्यासाठी, सद्भावनेने, लहान नुकसान केले तर तो अपराध नव्हे, असे तत्त्व कायद्यात आहे. त्याचे उदाहरण म्हणून वणवा पसरू नये यासाठी वाटेतली घरे पाडणारा माणूस दिला आहे. वाण्याच्या दुकानातून शेरभर पीठ उचलणाऱ्या बाईचे उदाहरण तेथे नाही. ते प्रत्येक न्यायाधीशाच्या अंतःकरणावर सोडलेले दिसते.

सुपे आणि किल्लारी यांतील हा फरक केवळ माझ्या मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेत १९६३ साली आपत्तींचा अभ्यास करणारे एक केंद्र ओहायो स्टेट विद्यापीठात निघाले. तेथील क्वारंटेली आणि डाइन्स या समाजशास्त्रज्ञांनी नेमका हाच भेद दाखविला. दंगलीतील लूट उघड्यावर होते, स्थानिक माणसे ती करतात आणि भोवतालच्यांची तिला मूक संमती असते. नैसर्गिक आपत्तीतील लूट चोरून होते, करणारे बहुधा बाहेरचे असतात, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते. लोक एकमेकांना लुटण्याऐवजी एकमेकांना ढिगाऱ्यातून ओढून काढतात.

मग लुटीच्या बातम्या इतक्या का पसरतात? २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडविले. दुसऱ्या दिवशी दोन छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाद्यपदार्थ घेऊन चाललेली माणसे. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली लिहिले होते की त्याने दुकान लुटले. गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली, की त्यांना पाव आणि पेये सापडली! त्यावर मोठे वादळ उठले. लुटीच्या वावड्यांनी पोलीस बिथरलेले होते, आणि ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर त्यांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार झाले. पुढे पोलिसांना शिक्षा झाल्या, पण मेलेले परत आले नाहीत. लुटारूंना गोळ्या घालण्याचे फर्मान १९०६च्या भूकंपानंतर सान फ्रान्सिस्कोच्या महापौरानेही काढले होते. पावाच्या लादीपेक्षा माणसाचा जीव स्वस्त ठरविण्याची ही रीत पाहिली की वाटते, 'लुटारू' हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण त्या माणसाच्या हातात काय आहे एवढे तरी पाहावे.

त्या दुसऱ्या चित्राच्या छायाचित्रकाराने केलेला खुलासा मला विचारात पाडून गेला. दुकानातला माल पाण्याबरोबर तरंगत बाहेर आला होता, असे त्याचे म्हणणे होते. पाण्याने बाहेर आणलेली वस्तू कोणाची? हा प्रश्न नीराकाठच्या माणसाला नवा नाही.

वीर धरणातून पाणी सुटले की आमच्याकडे नीरा फुगते. पूर ओसरला की काठावर ओंडके, वासे, कडबा, पाइपांचे तुकडे, एखादा पत्रा, क्वचित पाण्याची मोटारही अडकलेली दिसते. सरपण गोळा करायला बायामाणसे जातात, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. (वस्तुतः १९२७च्या वन कायद्याप्रमाणे वाहून आलेले लाकूड, मालकी सिद्ध होईपर्यंत, सरकारचे समजतात. ही गोष्ट मी आमच्या आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग सरकारला म्हणावं, चुलीपुढं बस.") सरपणाचे ठीक आहे. पण मोटारीचे काय? एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारले, तर ते म्हणाले, "नदीनं आणलं ते नदीचं." वाक्य ऐकायला गोड आहे. पण वरच्या अंगाला कोणी शेतकरी कर्ज काढून घेतलेली ती मोटार शोधत चिखल तुडवीत असतो, आणि त्याचे पीकही त्याच पुराने नेलेले असते. त्याला नदीने काय दिले?

सापडलेल्या वस्तूबद्दल कायदा बराच समजूतदार आहे. मालक कोण ते ठाऊक नसताना वस्तू सांभाळण्यासाठी किंवा परत करण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही. मालकाचा योग्य तो शोध न घेता ती स्वतःची करून टाकली तर गुन्हा. ओंडक्याला नाव नसते. मोटारीच्या पत्र्यावर मात्र कंपनीचा क्रमांक असतो, आणि विकणाऱ्या दुकानात पावतीची प्रत असते. म्हणजे इच्छा असेल तर माग लागतो.

लुटीचा आणखी एक प्रकार आहे, त्याला बहुधा कोणी लूट म्हणत नाही. मदतीच्या यादीत नुकसान न झालेल्यांची नावे घुसतात, पूरग्रस्तांसाठी आलेली ब्लँकेटे भलत्याच घरांत निघतात. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५३व्या कलमाने मदतीचा पैसा वा माल हडप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे करणाऱ्याला ना भूक असते, ना अंधाराची गरज. त्याच्यापाशी शिक्का असतो. त्याच कायद्याचे ६५वे कलम मात्र वाचताना दामाजीपंतांची आठवण होते. बचावकार्यासाठी लागणारी साधने, जागा, वाहने अधिकाऱ्यांना खाजगी मालकाकडूनही ताब्यात घेता येतात, आणि ६६व्या कलमाप्रमाणे त्याची भरपाई द्यावी लागते. कोठारही उघडायचे आणि पावतीही करायची!

काठच्या गावांना एवढ्या मोठ्या अधिकाराची गरज नाही. पूर ओसरल्यावर एक वही घालावी, कोणत्या वाकणावर काय सापडले आणि ते कोणाकडे ठेवले आहे ते लिहावे, आणि ती यादी वरच्या अंगाच्या गावांत फळ्यावर लागावी. हल्ली तर मोबाइलवर फोटो पाठविला की काम झाले. सरपण त्यातून खुशाल वगळावे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी पुढच्या पावसाळ्यात हे काम अंगावर घ्यायचे ठरविले, तर सराटीच्या पुलापासून नरसिंहपूरच्या संगमापर्यंतचा काठ चालायला मी तयार आहे.